चांदीच्या विटा घेताय? निदान या चुका तरी टाळा

ओळखीतलं कोणी ना कोणी दर थोड्या दिवसांनी फोन करून विचारतं, थोडे पैसे बाजूला पडलेत, सोनं काही परवडत नाही, चांदीची वीट घेऊ का? घ्या की. मी स्वतः बारा वर्षं घेतोय आणि मला पटलंय म्हणूनच घेतोय. पण यातले निम्मे लोक वीट घेऊन झाल्यावर फोन करतात आणि मग तीच चूक, तोच प्रश्न, तीच हळहळ. आता सगळं एकदाच लिहून ठेवतो, यापुढे कोणी विचारलं की हेच पाठवेन.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे "परवडतात" म्हणून एक-एक ग्रॅमचे, पाच-पाच ग्रॅमचे बार घेत बसणं.

माझ्या मावसबहिणीने तीन वर्षं हेच केलं. दर महिन्याला पगार झाला की दोन-चार छोटे बार, छान प्लास्टिकच्या कार्डात बंद, नंबर घातलेले, डब्यात ओळीने लावून ठेवलेले. शिस्त खरंच कौतुकाची होती, महिना चुकला नाही. मग घरात अडचण आली आणि विकायची वेळ आली तेव्हा मी सोबत गेलो. समोरच्याने कार्डं मोजली नाहीत, एकूण ग्रॅम किती ते मोजलं, त्या दिवसाच्या भावातून थोडे टक्के कापले आणि आकडा सांगितला. त्या तीन वर्षांत भाव वर गेला होता बरं का, तरी तिने घातले होते त्यापेक्षा कमी पैसे हातात येत होते. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, मग मी इतके दिवस घेत काय होते?" त्या प्रश्नाचं मला आजही वाईट वाटतं, कारण तिने मला सुरुवातीला विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

गणित साधं आहे. बार छोटा असो की मोठा, तो ओतायचा, छापायचा, पॅक करायचा, पाठवायचा खर्च फारसा कमी होत नाही. तो खर्च एक किलोवर पसरला तर जाणवत नाही, एका ग्रॅमवर टाकला तर कधीकधी चांदीच्या किमतीइतकीच वरची रक्कम होते. यालाच प्रीमियम म्हणतात. समजा धातूचा भाव १०० आहे, तुम्ही छोटे बार १२५ ला घेतलेत आणि विकताना भावापेक्षा ३ टक्के कमी मिळतात, तर नुसतं बरोबरीत यायला भाव जवळजवळ १२९ व्हायला हवा. तेच मोठा बार १०८ ला घेतला असता तर १११ च्या थोडं पुढे गेलं की तुम्ही सुटलात. चांदी तीच, फरक फक्त घेण्याच्या पद्धतीत.

माझी सवय सांगतो, पटली तर घ्या. मी दर महिन्याला चांदी घेतच नाही, पैसे वेगळे साठवतो आणि १०० ग्रॅमचे पुरेसे जमले की एकदाच घेतो. जास्त जमले तर एक किलो. मधल्या काळात भाव वर जाईल या भीतीने लोक घाई करतात, पण छोट्या बारवर नक्की जाणारे २०-२५ टक्के त्यांना दिसत नाहीत आणि कदाचित वर जाणारा भाव मात्र दिसतो, हे मला कधी कळलेलं नाही. सगळं किलोतच घेऊ नका एवढंच, कारण अर्धी गरज पडली तर विटेचा कोपरा तोडून विकता येत नाही. आणि कोणी एकदम एक हजार औंसाची मोठी वीट सुचवली तर सरळ नाही म्हणा, ती ३१ किलोच्या आसपासची असते, मोठ्या वॉल्टमध्ये राहण्यासाठीच बनलेली, एकदा तिथून बाहेर पडली की परत कस तपासल्याशिवाय कोणी सहज हात लावत नाही.

आता दुसरी चूक, हिच्यावर मला खरंच राग येतो. बाजारभावापेक्षा स्वस्त मिळते म्हणून अनोळखी माणसाकडून घेणं.

अहो, ज्याच्याकडे खरी चांदी आहे तो ती कुठल्याही सराफाला त्या दिवसाच्या भावाच्या जवळपास विकू शकतो, मग तो तुम्हाला १५ टक्के कमी भावात का देईल? हा एक प्रश्न स्वतःला विचारला तरी निम्मी फसवणूक थांबते. माझ्या एका मित्राने विचारला नाही. ऑनलाइन ओळख झालेल्या माणसाकडून १०० ग्रॅमचे दहा बार घेतले, वर ९९९ चा, म्हणजे हजारात ९९९ भाग शुद्ध चांदी असा ठसा, चकचकीत. घरी आणून त्याने काट्यावर ठेवले, वजन १०० ग्रॅम बरोबर. चुंबक लावला, चिकटला नाही. झालं, खरी चांदी म्हणून खूश. मला दाखवायला आणले तेव्हा बार हातात घेतल्यावरच मला तो किंचित जाड वाटला, म्हणून पाण्यात बघू म्हटलं.

ही पाण्याची टेस्ट प्रत्येकाला यायलाच हवी, काही अवघड नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. मग बार बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण पाण्यात सोडा, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही, हातात दोरा धरून लटकता ठेवायचा. काट्यावर जो आकडा येतो तो म्हणजे बारचं आकारमान. कोरडं वजन भागिले हा आकडा केलं की घनता आली. चांदीची घनता १०.४९, म्हणजे १०० ग्रॅम शुद्ध चांदीला काट्यावर साधारण ९.५३ यायला हवं. मित्राच्या बारला ११.१ आलं. तांब्याची घनता ८.९६ असते, हिशोब करून बघा, बरोबर तांबं. वरून चांदीचा मुलामा. दहाच्या दहा तसेच. तो बराच वेळ काही बोललाच नाही, फोन लावत राहिला आणि समोरचा नंबर बंद.

तर लक्षात घ्या, वजन बरोबर येणं आणि चुंबक न चिकटणं याने काहीच सिद्ध होत नाही, तांबं, शिसं, पितळ यातल्या कशालाच चुंबक चिकटत नाही. चुंबकाची खरी टेस्ट वेगळी आहे. बार तिरका धरायचा आणि वरून छोटा पण ताकदीचा निओडिमियम चुंबक सोडायचा. चांदी विजेची सगळ्यात उत्तम वाहक असल्यामुळे सरकत्या चुंबकाने तिच्यात प्रवाह तयार होतात आणि ते त्याला अडवतात, म्हणून चुंबक हळूहळू, जड झाल्यासारखा घसरतो. शिशावरून तो पटकन खाली येतो. पण तांब्यावर हीच टेस्ट फसते कारण तांबं पण जवळपास तितकंच चांगलं वाहक आहे. तांबं पकडायला पाणी, आणि शिसं-कथील मिसळून कोणी घनता जुळवली असेल तर ते पकडायला चुंबक. दोन्ही करा. एक केलं आणि दुसरं कंटाळा आला म्हणून सोडलं, असं नको. दुकानातलं एक्सआरएफ मशीन, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणारं यंत्र, तेही फक्त वरचा पातळ थर वाचतं, जाड मुलामा असेल तर तेही शुद्ध चांदीच दाखवेल. व्हर्नियर (बारीक जाडी मोजायची पट्टी) असेल तर जाडी मोजा, त्याच लांबी-रुंदीचा आणि त्याच वजनाचा तांब्याचा बार चांदीपेक्षा १७ टक्के जाड असतो.

आणि शब्द नीट वाचा हो! जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त, त्यात चांदी अजिबात नाही. "सिल्व्हर क्लॅड" किंवा "१०० मिल्स" लिहिलेलं दिसलं की तो वरून चांदी चढवलेला माल. स्टर्लिंग म्हणजे ९२५, बाकी बहुतेक तांबं, दागिन्याला ठीक, गुंतवणुकीला ९९९ च घ्या.

औंसाचा घोळ पण नेहमीचा. चांदीचा औंस ट्रॉय औंस असतो, ३१.१ ग्रॅमचा, किराणा मालावर दिसतो तो २८.३५ ग्रॅमचा. कोणी नुसतं औंस म्हणालं तर किती ग्रॅम ते विचारा.

काळी पडली म्हणून पॉलिश करणं. नका करू!! हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे वर सिल्व्हर सल्फाइडचा थर येतो, वजनाला आणि कसाला काही होत नाही. घासलं की मात्र चांदीच निघून जाते, शिवाय ओरखडे पडतात आणि घेणाऱ्याला संशय येतो. रबर बँड लावू नका, लोकरी कापडात गुंडाळू नका, पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका. मी हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवतो, बास.

डिझाइनच्या मोहात पडून, म्हणजे सणाचं चित्र, कार्टून, "मर्यादित आवृत्ती" वगैरे, जास्त पैसे देऊ नका. विकताना चित्राला भाव नाही. साधा ओतीव बार, नावाजलेल्या रिफायनरीचा ठसा, वजन आणि कस स्पष्ट, एवढं पुरे.

भाव धावायला लागला की घेणारे, यांना तर मी थकलो सांगून. चांदी सोन्यापेक्षा फार जास्त उसळते आणि तशीच आपटते. १९८० च्या जानेवारीत हंट बंधू या अमेरिकेतल्या धनाढ्य भावांच्या साठेबाजीने ती औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली आणि २७ मार्चला ११ च्या खाली आली. २०११ च्या एप्रिलमध्ये परत ४९ च्या आसपास, तेव्हा सगळे म्हणत होते आता थांबत नाही, आणि २०१५ संपताना १४ च्या खाली. ज्याने त्या एप्रिलमध्ये घेतली त्याला तो आकडा परत बघायला २०२५ चा ऑक्टोबर उजाडला. कर्ज काढून, किंवा सहा महिन्यांनी लागणारे पैसे घालून चांदी घेणाऱ्याने हे दोनदा वाचावं.

आणि स्क्रीनवरचा भाव म्हणजे हातातल्या विटेचा भाव नव्हे. मार्च २०२० मध्ये स्क्रीनवर चांदी १२ डॉलरच्या खाली गेली, लोक धावले, तर दुकानांतून बार गायब आणि जे होते त्यांचा प्रीमियम आभाळाला टेकलेला. अशा वेळी थांबायचं. मी थांबलो होतो, काही बिघडलं नाही.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याला एकच विचारतो, हीच वीट आज तुम्हाला परत द्यायची म्हटली तर किती द्याल? जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून घेत नाही. बिलावर वजन, कस आणि बारवर नंबर असेल तर तो लिहून घेतो, घरी आल्यावर पाण्याची टेस्ट करतो आणि आलेला आकडा त्याच बिलाच्या मागे तारखेसकट लिहितो, मग बिलाचा फोटो काढून बिल एकीकडे आणि चांदी दुसरीकडे ठेवतो.