ओरल पॅथॉलॉजीच्या टर्म्स डोक्यात कशा बसवायच्या

बीडीएस (डेंटल डिग्री) थर्ड इयरला ओरल पॅथ, म्हणजे तोंडाच्या आजारांचा विषय, सुरू झालं की बरेचजण पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जाडजूड पुस्तक आणतात आणि पहिल्या चॅप्टरपासून डेफिनिशन घोकायला बसतात, मग व्हायवाला (तोंडी परीक्षेला) सगळं एकमेकांत मिसळतं. माझं सांगणं एवढंच, टर्म पाठ करायच्या आधी ती डोळ्याने दिसते की स्लाइडवर, हे ठरवा. वहीत दोन पानं करा, एक ओपीडीचं (पेशंट तपासताना दिसतं ते), एक मायक्रोस्कोपचं, आणि कुठलीही नवी टर्म आली की आधी तिचं पान ठरवायचं.

ओपीडीचं पान आधी भरा. लीजन (डाग, फोड, जखम, काहीही बिघाड) दिसलं की पहिला प्रश्न, ते सपाट आहे, वर आलंय, की खड्डा पडलाय? सपाट, नुसता रंग बदललाय, बोट फिरवलं तर काहीच लागत नाही, तो मॅक्यूल. वर आलेलं आणि भरीव, ५ मिमीपेक्षा लहान असेल तर पॅप्यूल, मोठं असेल तर नोड्यूल. पसरट आणि किंचित वर आलेला तो प्लाक. आत पाण्यासारखं असेल तर छोटा फोड व्हेसिकल, ५ मिमीच्या वरचा बुला (काही पुस्तकांत १ सेंमी दिलंय, तुमच्या डिपार्टमेंटला जे पुस्तक चालतं तेच लिहा), आणि पू असेल तर पस्ट्यूल. एपिथेलियमचा (सगळ्यात वरच्या आवरणाचा) वरचा थोडाच भाग गेला तर इरोजन, पूर्ण जाडी जाऊन खालचा कनेक्टिव्ह टिश्यू उघडा पडला तर अल्सर. तोंडात बुला फार टिकत नाही, पेशंट येतो तोवर तो फुटून नुसती जखम उरलेली असते, म्हणून "आधी फोड आला होता का हो?" हे विचारायचंच.

आता पांढरा चट्टा, कारण आपल्याकडे पुण्यात आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्या पेशंटमध्ये तंबाखू-चुना आणि मिश्री खूप आहे. काका तंबाखूची गोळी कुठे धरतात ते विचारा आणि चट्टा नेमका तिथेच आहे का बघा. मग गॉजने पुसा. पुसला गेला आणि खाली लाल दिसलं तर कॅन्डिडा (बुरशी) डोक्यात आणा. नाही पुसला गेला म्हणून लगेच ल्युकोप्लाकिया लिहू नका, पांढरा चट्टा देणारे बाकीचे आजार, म्हणजे लायकेन प्लॅनस, दात सारखा घासला जाऊन झालेलं केराटोसिस (केराटिनचा जाड थर) वगैरे बाद झालं की मगच. आणि ही टर्म ओपीडीच्याच पानावरची आहे. बायोप्सी रिपोर्टमध्ये हायपरकेराटोसिस (केराटिन जाड झालंय) येतं, सोबत डिस्प्लेजिया (पेशींची बिघडलेली वाढ) आहे की नाही ते येतं, आणि पेशंटच्या दृष्टीने हे डिस्प्लेजियाचंच जास्त महत्त्वाचं.

सुपारी-गुटख्याच्या पेशंटचं तोंड नुसतं "कमी उघडतं" असं लिहू नका, वरच्या-खालच्या इन्सायझरमधलं (पुढच्या दातांमधलं) अंतर मिमीमध्ये मोजा, गालाला आतून बोट लावून बॅन्ड्स (कडक पट्टे) चाचपा, म्युकोझा (तोंडाचं आतलं अस्तर) पांढरट-फिकट पडलाय का बघा. सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे अस्तराखालचा भाग असा कडक होणं, हाताला कळतो.

मायक्रोस्कोपच्या पानावर सगळ्यात जास्त घोळ अकॅन्थोसिस आणि अकॅन्थोलिसिसचा होतो. पहिल्यात एपिथेलियमचा मधला स्पायनस लेयर जाड होतो, बस. दुसऱ्यात पेशींची एकमेकींवरची पकड सुटते आणि त्या गोल होऊन फटीत तरंगतात, त्याच झांक सेल्स, आणि तिथे पेम्फिगस (फोड येणारा आजार) आठवलाच पाहिजे. स्पॉन्जिओसिस म्हणजे पेशींच्या मधे पाणी साचणं. केराटिनमध्ये न्यूक्लियस दिसतायत तर पॅराकेराटिन, नाहीत तर ऑर्थोकेराटिन. डिस्प्लेजिया एपिथेलियमच्या आतच असतो, पूर्ण जाडीभर पसरला तर कार्सिनोमा इन सिटू, आणि बेसमेंट मेम्ब्रेन (एपिथेलियमच्या तळाची रेघ) फोडून खाली उतरला की इन्व्हेजिव्ह कार्सिनोमा (आत शिरलेला कॅन्सर), त्यामुळे स्लाइड लावली की आधी ती रेघ शोधा.

केस लिहिताना आजाराचं नाव शेवटी. "डाव्या बक्कल म्युकोझावर (गालाच्या आतल्या बाजूला) साधारण २ × १ सेंमीचा पांढरा, खरखरीत, न पुसला जाणारा प्लाक, कडा स्पष्ट, दुखत नाही" एवढं आधी लिहा, आणि खाली वेगळ्या ओळीत प्रोव्हिजनल डायग्नोसिस (तात्पुरतं निदान).