वारंवार मुरगळणाऱ्या घोट्याला टेप कशी बांधावी

कबड्डीत किंवा खो-खोत झटकन दिशा बदलताना पाऊल आत वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता अधिक असल्याने त्याला आधार देणे अगत्याचे ठरते. त्यासाठी 38 मिलिमीटर रुंदीची, न ताणली जाणारी झिंक ऑक्साइड टेप घ्यावी. त्वचा धुऊन कोरडी करावी आणि पाऊल नडगीशी काटकोनात धरावे. घोट्याच्या वर, पोटरीच्या खालच्या टोकाशी, दोन वेढे द्यावेत. मग त्यांच्या आतल्या बाजूपासून टाचेखालून बाहेरच्या बाजूला वर खेचत, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीवर निम्मी चढवत, तीन पट्ट्या लावाव्यात. खरा आधार या खेचण्याच्या दिशेतच आहे. उलट ओढल्यास पाऊल आत वळण्यालाच मदत होते. शेवटी पावलाभोवती व घोट्याभोवती 8 च्या आकाराचा वेढा द्यावा. सुरकुती राहू देऊ नये, कारण तिथेच फोड येतो. पायाच्या अंगठ्याचे नख दाबून सोडल्यावर गुलाबी रंग लगेच परतला नाही, किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर टेप तत्काळ काढावी. ताज्या सुजेवर टेप बांधून खेळू नये. दुखापतीनंतर चार पावलेही टाकता येत नसतील, तर आधी डॉक्टरांकडून एक्स-रे काढून घ्यावा.