केस, नखं, लघवी, रक्त: गावात सॅम्पल घ्यायला निघण्याआधी एवढं वाचा

दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच, की आमच्या गावाला लागून वीजकेंद्राच्या राखेचा बंधारा आहे, किंवा खाण आहे, किंवा हापशीचं पाणी फ्लोराइडवालं आहे, तर लोकांच्या अंगात काय नि किती गेलं ते तपासायचं कसं. दरवेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो. मी काही मोठा शास्त्रज्ञ नाही, केमिस्ट्री शिकलो आणि यवतमाळ, चंद्रपूर, भंडाऱ्याकडच्या गावांत डबे-पाकिटं घेऊन फिरलो, त्यामुळे मशीनपेक्षा ओसरीवर काय घोळ होतो ते मला जास्त माहीत. मशीन कितीही भारी असू द्या, डबीत जे पडलं तेच ते मोजणार.

"अंगातले मेटल तपासायचेत" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, कोणता मेटल आणि कधीचा? कारण प्रत्येकाची शरीरात राहायची जागा वेगळी आणि मुक्कामही वेगळा. शिसं घ्या. ते रक्तात लाल पेशींना चिकटून असतं, म्हणून पूर्ण रक्तच लागतं, सिरम (पेशी काढून उरलेला पातळ भाग) काढून पाठवलं तर पैसे पाण्यात. रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्म्यावर येतं पण हाडात गेलेलं दशकं दशकं बसून राहतं. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं, त्यामुळे लघवीतलं कॅडमियम बऱ्याच वर्षांचा हिशोब सांगतं आणि रक्तातलं अलीकडचा. आर्सेनिक रक्तातून काही तासांत निघून जातं, लघवीत मागच्या दोन-तीन दिवसांचं दिसतं, त्याच्या मागचं बघायचं तर केस किंवा नखं. मासे खाऊन येणारा पारा केसात छान दिसतो, रक्तात जेवढा असतो त्याच्या साधारण २५० पट, पण वाफेतून आलेला पारा बघायचा तर लघवीच घ्यावी लागते. फ्लोराइडला लघवी. आणि मँगनीज म्हणजे डोकेदुखी, रक्तात ते शरीर स्वतःच सांभाळून ठेवतं म्हणून रक्तावरून फारसं कळत नाही, आणि तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत काम करणाऱ्याचे केस घेतले तर त्यात आतलं मँगनीज किती आणि वरून बसलेली धूळ किती हे ठरवताना घाम निघतो. तर आधी कागदावर लिहा: कोणतं एलिमेंट, किती जुना काळ, म्हणून कोणतं सॅम्पल. हे न ठरवता "सगळंच घेऊन ठेवू" म्हणून निघालेले सर्वे मी पाहिलेत, फ्रीज भरतो, बाकी काही होत नाही.

त्याच्याही आधी परवानगी. एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत ती वाचून घ्या, संमतीपत्र मराठीत, अंगठा असेल तर साक्षीदार, लहान मुलांचं आईवडिलांकडून आणि कळत्या पोराला स्वतःला विचारूनही. सरपंच हो म्हणाले म्हणजे गाव हो म्हणालं असं नसतं.

आता केस. केस डोक्याच्या मागच्या बाजूचे घ्यायचे, मानेच्या वर जिथे डोक्याला फुगवटा असतो तिथले, अगदी कातडीला लागून कापायचे, पेन्सिलीएवढी बट पुरते. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे मुळाकडचे तीन सेंटीमीटर म्हणजे मागचे तीन महिने. म्हणून मूळ कोणत्या बाजूला ते कळायला मुळाकडे पांढरा सुती दोरा बांधा, नाहीतर पाकीट उघडल्यावर बट उलटी की सुलटी कळत नाही. पुरुषांचे केस बारीक असले तर दोन-तीन जागेवरून थोडे थोडे घ्या. कात्री स्टीलची असेल तर क्रोमियम आणि निकेल विसरा, ते कात्रीतूनच येऊ शकतात, त्यासाठी सिरॅमिकची घ्या.

पण खरी अडचण कात्रीची नसते. पहिल्याच गावात एका आजीनं माझ्याकडं असं बघितलं की मी गारच, "केसबी नेतं अन् नखंबी नेतं, काहून रे बाप्पा, कोणावर काय करतं तू?" हसण्यावारी नेऊ नका हे. केस आणि नखं अनोळखी माणसाच्या हाती द्यायची नाहीत हे आपल्याकडं लहानपणापासून सांगितलेलं असतं, करणीची भीती असते, आणि दुपारी तुम्ही गावातून गेल्यावर संध्याकाळी पारावर काय बोललं जाईल ते तुमच्या हातात नसतं. मी आता आशाताईला सोबत घेतल्याशिवाय कोणाच्या दारात जात नाही, आधी सगळ्यांसमोर माझेच केस कापून पाकिटात टाकतो, पाकिटावर नाव नाही फक्त नंबर हे दाखवतो, आणि तपासून उरलेले केस परत हवे असतील तर आणून देतो असं सांगतो. एका आबाजींनी खरंच परत मागितले होते. दिले नेऊन.

केसाची दुसरी भानगड म्हणजे ते बाहेर लटकलेले असतात. राख बसते, धूळ बसते, तेल चोपडलेलं असतं, मेंदी नाहीतर डाय असतो, आणि ज्या हापशीच्या पाण्यात आर्सेनिक आहे त्याच पाण्यानं डोकं धुतलं तर ते बाहेरूनही केसाला चिकटतं. लॅबमध्ये केस धुतात, जुनी पद्धत म्हणजे एकदा अ‍ॅसिटोन, तीनदा पाणी, परत अ‍ॅसिटोन, पण धुण्यानं बाहेरचं सगळं जातंच असं नाही आणि आतलं थोडं निघून जात नाही याचीही गॅरंटी नाही. म्हणून एकट्या केसावर "याच्या अंगात इतकं विष" असं कोणी छापलेला रिपोर्ट हातात देत असेल तर सावध. अमेरिकेत २००१ साली एकाच व्यक्तीचे केस सहा व्यावसायिक लॅबना पाठवले होते, त्यात बारा एलिमेंटच्या सर्वात जास्त आणि सर्वात कमी आकड्यात दहापटीहून जास्त फरक निघाला. केस उपयोगाचे आहेत, गावागावाची तुलना करायला, पाऱ्याला तर फारच, पण एका माणसाचं निदान करायला नाही.

मधेच एक. बाळाच्या जावळाचं मला बरेच जण सुचवतात, की पोटात असताना बाळाला काय पोचलं ते जावळात दिसेल. कल्पना भारी आहे आणि जन्मल्यानंतर पहिल्या काही दिवसांत घेतलेल्या केसांबद्दल बरोबरही आहे, पण जावळ काढायच्या वेळेपर्यंत जन्माचे बरेचसे केस गळून नवे आलेले असतात आणि वर तेलाचं मालिश, त्यामुळे तेव्हाचे केस पोटातला काळ नीट सांगत नाहीत. त्यापेक्षा पडलेले दुधाचे दात जपून ठेवायला सांगा. बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांच्या अशाच पडलेल्या दातांतलं शिसं मोजून अमेरिकेतले संशोधक नीडलमन यांनी १९७९ मध्ये मोठं काम केलं होतं. आपल्याकडं दात कौलावर फेकतात, तेवढं थांबवावं लागेल.

नखं मला केसांपेक्षा आवडतात, पायाची. पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हणजे आज कापलेलं टोक बऱ्याच महिन्यांपूर्वी बनलेलं असतं, आणि डाय-शाम्पूचा त्रास नाही. पण आपल्या काळ्या मातीत अनवाणी चालणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या माणसाचं नख म्हणजे अर्धं शेतच. दहाही बोटांची नखं घ्या, त्याआधी पाय धुऊन मऊ ब्रशनं घासून पुसून घ्यायला सांगा, नेलपॉलिश असेल तर काढा. लॅबला सांगा की सोबत अ‍ॅल्युमिनियम आणि टायटॅनियमही मोजा, हे दोन खूप जास्त आले म्हणजे माती राहून गेली, मग त्या सॅम्पलमधल्या मँगनीज नि लोखंडावर विश्वास ठेवायचा नाही. ही युक्ती फुकटची आहे पण फार कमी लोक वापरतात. केस आणि नखं कागदी पाकिटात कोरडी ठेवली की झालं, फ्रीज लागत नाही.

लघवीचं काम सोपं दिसतं आणि तिथंच लोक चुकतात. सकाळची पहिली लघवी घ्या, हात धुऊन, रुंद तोंडाच्या प्लॅस्टिक डबीत. फ्लोराइडसाठी काच चालत नाही कारण फ्लोराइड काचेशी रिअ‍ॅक्ट होतं, आणि त्यात अ‍ॅसिडही टाकायचं नाही. बर्फाच्या डब्यात न्यायची, जास्त दिवस ठेवायची तर गोठवायची. आता मे महिन्यात पारा ४५ च्या वर, माणूस दिवसभर शेतात, पाणी कमी प्यायलेला, त्याची लघवी घट्ट असणार, आणि घट्ट लघवीत सगळंच जास्त दिसणार. म्हणून क्रिएटिनिन (स्नायूंतून रोज साधारण सारखाच लघवीत येणारा पदार्थ) मोजून त्यानं भागायचं. समजा एकाचं फ्लोराइड लिटरला २ मिलीग्रॅम आणि क्रिएटिनिन २ ग्रॅम, तर झालं १ मिलीग्रॅम प्रति ग्रॅम. दुसऱ्याचं फ्लोराइड ०.८ पण क्रिएटिनिन ०.४, त्याचं झालं २. म्हणजे जो कमी वाटत होता तोच जास्त. क्रिएटिनिन लिटरला ०.३ ग्रॅमच्या खाली किंवा ३ च्या वर असेल तर ते सॅम्पल सोडून द्या, परत मागा. लहान पोरं आणि म्हाताऱ्यांचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं, म्हणून त्यांची तुलना त्यांच्याच वयाच्या लोकांशी करा.

आर्सेनिक बघत असाल तर चार दिवस आधीपासून समुद्री मासे बंद. विदर्भात कुठले समुद्री मासे म्हणाल, तर आठवडी बाजारातली सुकट आणि बोंबील आहेत ना. त्यातलं आर्सेनिक बहुतेक निरुपद्रवी प्रकारचं असतं पण मशीन एकूण आर्सेनिक मोजत असेल तर आकडा उगाच फुगतो.

रक्त फक्त शिकलेल्या माणसानंच काढायचं, पीएचसीतली सिस्टर किंवा लॅब टेक्निशियन. ट्रेस एलिमेंटसाठी गडद निळ्या झाकणाची वेगळी ट्यूब मिळते, तीच वापरा आणि पहिली तीच भरा. बोट टोचून काढलेल्या थेंबात बोटावरचं शिसं मिसळतं, तसा आकडा जास्त आला तर शिरेतून परत काढून खात्री करा. मुलांमध्ये डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसं असेल तर ते कुठून येतंय ते शोधा असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलंय, अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी ३.५ धरते.

प्रश्नावली लांबलचक नको पण एवढं विचाराच: पिण्याचं पाणी कुठलं, किती वर्षांपासून, काम काय, बिडी ओढता का, खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाता का. खर्रा विचारायला विसरलात तर सर्वेच वाया, कारण तंबाखूत कॅडमियम असतं आणि सुपारीत तांबं भरपूर, मग तुम्ही राखेच्या बंधाऱ्याला दोष देत बसाल आणि कारण खिशातल्या पुडीत असेल. शिवाय शेंदूर, सुरमा, वैद्याकडचं भस्म, भांड्यांची कल्हई, यातूनही शिसं येऊ शकतं. आणि तुलनेसाठी दुसरं गाव घ्या, तसंच शेतीवालं, तसंच खाणारं, फक्त बंधाऱ्यापासून लांब. नागपूरच्या कॉलेजातली पोरं तुलनेला घेऊ नका बाप्पा.

आता माझी फजिती. एका सर्वेत सगळ्या गावाचं झिंक आभाळाला टेकलं, आम्ही खूष, काहीतरी मोठं सापडलं म्हणून. मग रिकाम्या डबीचा रिझल्ट पाहिला तर त्यातही झिंक. पावडरवाले ग्लोव्ह्ज होते आमच्या हातात, ते झिंक त्यातलं. तेव्हापासून बिनपावडरचे ग्लोव्ह्ज, आणि प्रत्येक गावात निदान एक डबी अशी की ती तिथंच उघडायची, शुद्ध पाणी ओतायचं, बंद करायची आणि बाकीच्यांसोबत लॅबला पाठवायची. डब्यांच्या नवीन लॉटमधल्या चार-पाच डब्या आधीच पातळ नायट्रिक अ‍ॅसिडनं तपासून घ्या.

लॅब निवडताना एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं बोर्ड) ची मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका, तुमच्या एलिमेंटसाठी आणि केस-रक्त-लघवीसाठी आहे का ते विचारा, पाण्याच्या तपासणीचं सर्टिफिकेट इथं कामाचं नाही. सर्टिफाइड रेफरन्स मटेरियल, म्हणजे ज्यातलं प्रमाण आधीच पक्कं माहीत आहे असं सॅम्पल, सोबत चालवता का, ते विचारा. आर्सेनिक असेल तर आयसीपी-एमएसवर (एलिमेंट अणूच्या वजनावरून ओळखणारं मशीन) क्लोराइडचा अडथळा कसा काढता तेही विचारा, कारण लघवीत मीठ असतंच आणि आर्गॉन ४० नि क्लोरीन ३५ मिळून ७५ होतात, जे नेमकं आर्सेनिकचं वजन. समोरचा हेलियम, कोलिजन (collision) सेल असं काही बोलला तर ठीक, गोंधळला तर दुसरी लॅब. आणि एकच सॅम्पल दोन वेगळ्या नंबरांनी पाठवून बघा, सांगायचं नाही.

रिझल्टमध्ये "आढळलं नाही" असेल तिथं शून्य भरू नका, मोजण्याची खालची मर्यादा काय ती लिहून घ्या. सरासरीऐवजी मध्यक (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) सांगा, कारण दोन-चार लोकांचे मोठे आकडे सगळं ओढून नेतात. ज्याचा आकडा त्याला घरी जाऊन सांगायचा, बंद पाकिटात, मराठीत, आणि जास्त असेल तर सोबत पीएचसीच्या डॉक्टरांची भेट ठरवूनच. इंजेक्शन किंवा औषध देऊन मग लघवी तपासून "बघा किती मेटल निघालं" म्हणणारे भेटले तर त्यांच्या नादी लागू देऊ नका, औषधानं ओढून काढलेल्या आकड्याची तुलना करायला नॉर्मलचं कोष्टकच नसतं.

गावाला नवीन पाणी मिळालं तर पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याच लोकांची लघवी परत घ्या. फ्लोराइड लगेच खाली आलं नाही म्हणून निराश होऊ नका, हाडात साठलेलं हळूहळू निघत राहतं. आणि डबीवर नंबर बॉलपेननं लिहू नका, बर्फाच्या पाण्यात पुसला जातो, पेन्सिलनं कागदावर लिहून वर सेलोटेप, आणि तोच नंबर झाकणावर लिहून भागणार नाही, डबीच्या अंगावर लिहा, झाकणं बदलतात.