गाइलचा बूम दिसला की उडी मारणाऱ्यांसाठी

स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये गाइल या कॅरेक्टरसमोर लवकर हरायचं असेल तर उपाय सोपा आहे: सॉनिक बूम (त्याने लांबून फेकलेला वार) दिसला की पुढे उडी मारा. नव्या खेळाडूला वाटतं, बूम लागू नये म्हणून उडायचं. अहो, तो बूम तुम्हाला लागावा म्हणून टाकलेलाच नसतो. तुम्ही उडावं म्हणून टाकलेला असतो.

हे नीट समजून घ्या. खेळ सेकंदाला ६० फ्रेमने (चित्रांनी) चालतो. बहुतेक कॅरेक्टरची उडी, बटण दाबल्यापासून पाय टेकेपर्यंत, ४५ फ्रेमच्या आसपास जाते, म्हणजे पाऊण सेकंद. हवेत ब्लॉक (मार अडवणं) नाही, पॅरी (बटणं दाबून मार निष्फळ करणं) नाही, दिशा बदलता येत नाही. बूम टाकून गाइल तुमचे पाय टेकण्याच्या कितीतरी आधी मोकळा होतो.

आता त्याच्या हाताकडे बघा. बूमसाठी मागे धरून पुढे दाबावं लागतं, म्हणजे बूम सुटतो त्या क्षणी त्याचा खालचा चार्जही (चाल तयार व्हावी म्हणून दिशा धरून ठेवणं) सुटतो. फ्लॅश किक, म्हणजे उडून येणाऱ्याला पाडणारी वर जाणारी लाथ, तेव्हा त्याच्याकडे नसते. पण तुम्ही बूम डोळ्यांनी पाहिला, मग ठरवलं, मग उडालात, की तो परत खाली-मागे धरून बसलेला असतो. तुम्ही खाली येईपर्यंत चार्ज तयार! चार्ज व्हायला लागणारा वेळ तुम्हीच त्याला दिलात. आणि चार्ज झाला नसेल तरी बसून मारायचा हेवी पंच आहेच, त्याला चार्ज लागत नाही.

म्हणून उडी मारायची तर बूम येणार हे आधी ओळखून, त्याचा हात हलतो त्याच वेळी, आणि तीही मधल्या अंतरावरून. राउंडमध्ये एखाद-दोनदा. अंदाज चुकला तर मार बसेल, तो हिशोबात धरा. स्क्रीनच्या टोकावरून पुढे उडालात तर लाथ त्याच्यापर्यंत पोचतच नाही, तुम्ही बरोबर त्याच्या पुढ्यात उतरता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

मग करायचं काय? चालायचं. कंटाळवाणं आहे, पण खरं उत्तर तेच. दोन पावलं चाला, बूम आला की पॅरी करा, परत दोन पावलं. लांबून ब्लॉक करू नका. ब्लॉक केला की ड्राइव्ह गेज (पॅरी, रश यांना लागणारी ऊर्जेची पट्टी) कमी होतो, पॅरीने भरतो. फक्त पॅरीची बटणं, मीडियम पंच आणि मीडियम किक, एकत्र धरून ठेवू नका; बूम नसताना पॅरी धरली की गेज गळत राहतो. परफेक्ट पॅरीची, म्हणजे अगदी नेमक्या क्षणी केलेल्या पॅरीची, खिडकी २ फ्रेमची असते. तिच्या नादी लागू नका, साधी पॅरी पुरते. गेज पूर्ण संपला की बर्नआउट: पॅरी बंद, रश (पुढे झपाट्याने धावणं) बंद, आणि ब्लॉक केलेला बूमही हेल्थ खातो. गाइलला हेच हवं असतं.

पॅरीतून ड्राइव्ह रशला गेजचा १ बार (एक भाग) जातो. रशला बूमपासून संरक्षण नाही, समोरून बूम येत असताना रश केलात तर सरळ त्यावर जाऊन आपटाल. आलेला बूम पॅरी करून मग निघा. लाइट बूम हळू येतो आणि गाइल त्याच्या मागोमाग चालत येतो. तेव्हा रश नको, थांबा. आणि जवळ आल्यावर पॅरीची सवय आवरा, कारण पॅरीत थ्रो (धरून फेकणं) पडला की तो पनिश काउंटर होतो, म्हणजे मार जास्त बसतो.

ट्रेनिंग मोडमध्ये डमीसाठी (सरावाच्या प्रतिस्पर्ध्यासाठी) रेकॉर्डिंगचे ८ स्लॉट असतात, तीन पुरेत. एकात बूम आणि नंतर फ्लॅश किक, दुसऱ्यात लाइट बूम आणि मागून येऊन थ्रो, तिसऱ्यात बूम टाकून नुसतं बसणं. तिन्ही रँडम लावा. मारायचं नाही, एकदाही पुढे न उडता त्याच्या लाथेच्या टप्प्याच्या जेमतेम बाहेर पोचून उभं राहायचं. पहिल्या दिवशी जमणार नाही. चार-पाच दिवसांत जमतं, खरंच जमतं.

‘कॅरेक्टर बदल’ असा सल्ला देणारे भेटतील. माझ्या मते तो सल्ला नव्हे, पळवाट. त्यापेक्षा वीसेक मॅच स्वतः गाइल घेऊन खेळा. समोरचा शांतपणे चालत आला की पोटात कसा गोळा येतो ते कळेल.

गाइल कोपऱ्यात पडला की हावरटपणा नको. उठताना तो ओडी फ्लॅश किक (गेज खर्चून मारलेली जोरदार फ्लॅश किक) मारतो, तिला २ बार लागतात. एकदा नुसता ब्लॉक करून बघा. खाली येताना तो पूर्ण उघडा असतो, सगळ्यात मोठा कॉम्बो (सलग फटक्यांची माळ) तिथे घाला. तो बर्नआउटमध्ये असेल तर ही भीतीच नाही.

बाकीच्या कॅरेक्टरचं थोडक्यात: ढालसिमचा लांब आलेला हातही त्याचंच शरीर आहे, त्यावर मारा. जेपीचा ॲम्नेशिया हा काउंटर, म्हणजे तुमचा फटका झेलून उलटवणारी चाल असतो, तिथे थ्रो करा.

आणि हेल्थ तुमचं जास्त असेल, घड्याळ ९९ वरून ३० वर आलं असेल, तर चालणंही थांबवा. आता यायचं त्याला आहे, आणि पुढे चालायला लागला की गाइलचा चार्ज जातो.