लहान मूल असलेल्या घरासाठी कुत्रा कसा निवडावा

दीड-दोन वर्षांचे मूल असलेले आईवडील कुत्रा बघायला जातात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चावत नाही ना?" उत्तरही ठरलेलेच असते. ज्याला कुत्रा विकायचा किंवा द्यायचा आहे तो "छे, एकदम गरीब आहे" याखेरीज दुसरे काही म्हणत नाही. बहुतेक वेळा तो खोटेही बोलत नसतो, कारण त्या कुत्र्याच्या कानाला लोंबकळणारे मूल त्याने कधी पाहिलेलेच नसते. विचारायचा प्रश्न निराळा आहे. एखादी गोष्ट नकोशी झाली की हा कुत्रा काय करतो? उठून दुसरीकडे जातो, जागच्या जागी ताठरतो, की अंगावर येतो? लहान मुलांच्या घरासाठी उठून जाणारा कुत्रा हवा, आणि पुढच्या बहुतेक पायऱ्या तो ओळखण्यासाठीच आहेत.

पायरी १: आधी घराचा हिशेब करावा

कुत्र्याला दिवसातून किमान दोनदा बाहेर न्यावे लागते, आणि सकाळी सहाला मूल उठून बसलेले असताना हे काम नेमके कोण करणार, हे नाव घेऊन ठरवावे. "सगळे मिळून करू" याचा अर्थ पंधरा दिवसांनी आईने करावे असा होतो. घर भाड्याचे असेल तर मालकाची संमती लेखी घ्यावी. मूल नुकते रांगू लागले असेल किंवा दुसरे बाळ वाटेवर असेल, तर वर्षभर थांबणे हाच माझा सल्ला राहील. "नको", "थांब", "हात काढ" एवढे ज्याला समजते आणि जे दहातून सहा-सात वेळा ऐकते, त्या मुलाच्या घरात कुत्रा आणणे पुष्कळ सोपे जाते.

पायरी २: पिल्लू की मोठा कुत्रा, हे ठरवावे

मूल आणि पिल्लू बरोबरीने वाढतील ही कल्पना गोड आहे, पण प्रत्यक्षात ती घराची दमछाक करते. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात आणि ते सुईसारखे टोकदार असतात. साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत ते पडून पक्के दात येतात आणि तोवर पिल्लू हाताला, पायाला, फ्रॉकच्या झालरीला, जे सापडेल त्याला दात लावते. तो राग नसतो, खेळ असतो, पण दोन वर्षांच्या मुलाला हा फरक कळत नाही. ते किंचाळत पळते आणि पिल्लाला तोही खेळच वाटतो. शिवाय पिल्लू मोठेपणी कोणत्या स्वभावाचे निघेल, हे आठव्या आठवड्यात कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

दोन वर्षांपुढचा कुत्रा मात्र जसा आहे तसा समोर दिसतो. त्यातही तो आधी एखाद्या घरात मुलांबरोबर राहिलेला असेल, किंवा दत्तक देणाऱ्या कुटुंबाने त्याला काही महिने स्वतःच्या घरी सांभाळले असेल, तर मी पिल्लापेक्षा त्यालाच आधी पसंती देईन. त्याची सगळी पूर्वकथा कळत नाही हे खरे, पण त्याला वारंवार भेटून बरेच काही समजते. ते कसे, हे चौथ्या पायरीत येईल.

तरीही पिल्लूच आणायचे असेल, तर ते आठ आठवड्यांच्या आत घेऊ नये. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरला त्याआधी पिल्लू विकता येत नाही आणि राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे त्याची नोंदणीही असावी लागते. आईपासून आणि भावंडांपासून लवकर तोडलेल्या पिल्लाला चावा किती जोराने घेतला की समोरच्याला लागते, हे शिकायला मिळत नाही. पिल्लाची आई दाखवण्यास कोणी टाळाटाळ करत असेल, तर तेथून परत फिरावे. वयाच्या तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ते त्याला पुढे परके वाटत नाही. म्हणून त्या काळात त्याने माणसे, लहान मुले, मिक्सरचा आवाज असे काही अनुभवले होते का, की ते गोदामातल्या पिंजऱ्यात वाढले, हे आवर्जून विचारावे.

पायरी ३: जातीकडे पाहावे, पण जातीवर विसंबू नये

लॅब्रेडॉर हे सर्वांच्या तोंडी असलेले नाव, आणि ते अगदीच चुकीचे नाही. मात्र २५ ते ३५ किलोचा हा कुत्रा दोन वर्षांचा होईपर्यंत आडदांड असतो, आणि त्याची आनंदाने हलणारी शेपूट नेमकी मुलाच्या तोंडाच्या उंचीवर येते. बीगल आकाराने सोयीचा, पण वासामागे धावणारा शिकारी कुत्रा असल्याने खाण्याच्या बाबतीत कमालीचा हावरट. मुलाच्या हातातले बिस्किट त्याच्या दृष्टीने त्याचेच असते. पग मुलांशी सहसा नमते घेतो, परंतु चपट्या नाकामुळे त्याला उन्हाळ्यात श्वास घेणे जड जाते. विदर्भातल्या मे महिन्यात त्याला आणणे हे त्या जीवावर अन्यायच होय. (पुण्याच्या फ्लॅटमध्ये हस्की हा बर्फाळ प्रदेशातला कुत्रा पाळणाऱ्यांबद्दल येथे काही न बोललेलेच बरे.) तळहाताएवढ्या नाजूक जाती लहान मुलाच्या घरासाठी योग्य नाहीत, कारण मूल अंगावर पडले तर त्यांचे हाड मोडू शकते आणि तेच भय त्यांना चावायला लावते. गुरे-मेंढ्या वळवण्यासाठी तयार झालेल्या जातींना पळणाऱ्या पोराच्या टाचेला तोंड घालण्याची खोड असते. लातूर भागात आणि उत्तर कर्नाटकात पाळला जाणारा कारवान हा देखणा आणि इमानी, पण धावण्यासाठी जन्मलेला व अंगाला हात लावणे फारसे न आवडणारा कुत्रा आहे, आणि तो शेतावरच्या घरात शोभतो. राखणीच्या मोठ्या जाती, उदाहरणार्थ रॉटवायलर, पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या आणि लहान मूल असलेल्या घरी आणू नयेत. तो कुत्रा वाईट असतो म्हणून नव्हे, तर त्याच्या एका चुकीची किंमत फार मोठी असते म्हणून.

आपला गावठी कुत्रा मध्यम बांध्याचा, आखूड केसांचा आणि येथल्या हवेला सरावलेला असतो. त्याचा स्वभाव मात्र एका साच्यातला नसतो, म्हणून त्याच्याबाबतीत तर जातीपेक्षा समोरचा एकच कुत्रा नीट पारखणे अधिक गरजेचे.

पायरी ४: तीन वेळा भेटावे

पहिल्या भेटीला मूल नेऊ नये. खुर्चीवर शांत बसावे, हाक मारू नये, आणि कुत्रा स्वतःहून जवळ येतो का ते पाहावे. आला तर छातीवर पाच सेकंद खाजवावे आणि हात काढून घ्यावा. तो पुन्हा डोके पुढे करतो, की मान फिरवून बाजूला होतो? दोन्ही उत्तरे चांगली आहेत, कारण दोन्हींत तो आपले म्हणणे सौम्यपणे सांगत आहे. त्यानंतर कान हलकेच चाचपावा, पंजा उचलून पाहावा, गळपट्टा क्षणभर धरावा. जो कुत्रा या स्पर्शांना दगडासारखा स्तब्ध होतो आणि श्वास रोखून धरतो, त्याला "किती शांत आहे" असे म्हणू नये.

दुसऱ्या भेटीत स्वयंपाकघरातले स्टीलचे ताट त्याच्यापासून काही अंतरावर जमिनीवर पडू द्यावे. लहान मुलाच्या घरात हा आवाज दिवसातून दहादा होणार आहे. कुत्रा दचकेलच, दचकावेच, पण पुढच्या अर्ध्या मिनिटात येऊन ताट हुंगू लागला तर उत्तम. कोपऱ्यात शिरून बराच वेळ बाहेरच आला नाही, किंवा भुंकत धावून गेला, तर घाईने हो म्हणू नये. तो जेवत असताना त्याच्यापासून पाच-सहा फुटांवरून चालत जावे. ताटलीत हात घालून "परीक्षा" घेण्याचा आचरटपणा करू नये. तिसऱ्या भेटीत मूल आईच्या किंवा वडिलांच्या मांडीवर आणि कुत्रा पट्ट्याने दुसऱ्याच्या हाती, अशी दहा मिनिटे पुरतात.

पाहायचे काय, यासाठी एक प्रसंग सांगतो. एका नातेवाइकांकडे वाढदिवसाला गेलो होतो. सव्वा वर्षाचा नातू लॅब्रेडॉरच्या पाठीवर आडवा पडून त्याच्या मानेची कातडी दोन्ही मुठींत धरून बसला होता आणि चार जण मोबाइलवर चित्रण करत होते. कुत्र्याने आधी जांभई दिली, मग दोनदा स्वतःचे नाक चाटले, मग मान वळवली, पण डोळे मुलाकडेच राहिले, इतके की बाहुलीच्या कडेने पांढऱ्याची कोर दिसू लागली. शेपूट हलायची थांबली. "बघा, किती सोसतो!" असे आजी कौतुकाने म्हणत होत्या. मी मुलाला उचलले, तसा कुत्रा अंग झाडत उठून गॅलरीत गेला. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, नाक चाटणे, तिरपे पांढरे डोळे आणि ताठरलेले अंग या चारही गोष्टी गुरगुरण्याच्या आधीच्या आहेत. ज्याला जायला वाट मिळते तो जातो, ज्याला मिळत नाही तो चावतो. लहान मुलांना चावे बहुधा ओळखीच्याच कुत्र्याचे होतात, आणि उंचीमुळे ते तोंडावर, डोक्यावर, मानेवर होतात.

पायरी ५: पशुवैद्याला दाखवूनच घरी आणावे

दुखणारा कान किंवा कंबर घेऊन आलेला गरीब कुत्राही मुलाचा हात लागताच चावू शकतो, म्हणून आधी संपूर्ण तपासणी करून घ्यावी. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्या वेळापत्रकाने द्यावी. जंतांच्या औषधाकडे दुर्लक्ष करू नये, कारण कुत्र्याच्या पोटातील जंतांची अंडी मातीतून मुलाच्या हाताला आणि हातातून तोंडात जातात. गोचिडी, नसबंदी आणि महापालिकेचा परवाना (पुणे-मुंबईत तो लागतोच) हे त्याच आठवड्यात उरकावे.

पायरी ६: घरात त्याला जायला जागा ठेवावी

उठून जाणारा कुत्रा निवडला, पण घरात जायला जागाच नसेल तर त्या निवडीचा उपयोग नाही. दाराला मुलांसाठी मिळते ते सेफ्टी गेट लावावे, किंवा जेवणाच्या टेबलाखाली त्याची गादी टाकावी आणि तेथे मुलाने जायचे नाही असा नियम पहिल्या दिवसापासून ठेवावा. मोठे माणूस हाताच्या अंतरावर नसेल तर दोघांना एका खोलीत ठेवू नये, दूध उतू जाते आहे एवढ्यासाठीसुद्धा. कुत्रा गुरगुरला तर त्याला रागावू नये, मुलाला उचलावे. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरताच चावतो. मुलाच्या ताटातून सांडणारी द्राक्षे, मनुका, कांदा आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात, त्यामुळे जेवणाच्या वेळी तो गेटपलीकडे असावा.

दात किंवा नखाने ओरखडा जरी उठला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. कुत्र्याला लस दिलेली असली तरीही डॉक्टरांना विचारावे. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही जखमेवर लावू नये.

कुत्रा देणाऱ्याशी एक गोष्ट आधीच बोलून, शक्यतो लिहून ठेवावी: पहिले पंधरा दिवस ही पाहणी आहे आणि जमले नाही तर कुत्रा परत घेतला जाईल. ज्याला ही अट मान्य नाही, त्याच्याकडून कुत्रा घेऊ नये.