अल्बमवरचे प्रश्न काढताय? या चुका टाळा

"बीटल्सचा शेवटचा अल्बम कोणता?"

क्विझमध्ये हा प्रश्न आला की दोन संघांची दोन उत्तरं येतात. एक म्हणतो 'ॲबी रोड', दुसरा म्हणतो 'लेट इट बी'. प्रश्न काढणाऱ्याच्या कागदावर यातलं एकच लिहिलेलं असतं, आणि पुढची दहा मिनिटं वादात जातात. मीही एकदा हा प्रश्न असाच विचारला होता. ज्या संघाला मी चूक ठरवलं, त्यांचं म्हणणं पूर्ण खरं होतं, हे घरी जाऊन तारखा तपासल्यावर कळलं.

'लेट इट बी'मधली बहुतेक गाणी जानेवारी १९६९मध्ये मुद्रित झाली. ते काम बाजूला पडलं. मग चौघांनी 'ॲबी रोड' पूर्ण केला आणि तो सप्टेंबर १९६९मध्ये बाजारात आला. 'लेट इट बी' आला मे १९७०मध्ये. आता कुणी म्हणेल, मग "शेवटी मुद्रित झालेला" असं विचारू. तेही सरळ नाही, कारण 'लेट इट बी'मधलं 'आय मी माइन' जानेवारी १९७०मध्ये मुद्रित झालं, आणि त्या वेळी जॉन लेनन स्टुडिओत नव्हता. म्हणून आता मी "सर्वांत शेवटी प्रकाशित झालेला स्टुडिओ अल्बम" असं विचारतो. दोनचार शब्द वाढतात, पण भांडण मिटतं.

बरीच वर्षं अल्बमवरचे प्रश्न काढल्यावर माझं मत असं झालंय की साफ खोट्या माहितीपेक्षा अर्धवट विचारलेला प्रश्न जास्त घोटाळा करतो. माहिती खरी असते. पण कुठल्या देशातली, कुठल्या आवृत्तीतली, कुठल्या यादीतली, हे सांगायचं राहून जातं.

तारीख विचारलीत, देश सांगितला नाहीत

'लंडन कॉलिंग' हा द क्लॅशचा अल्बम १९७०च्या दशकातला की १९८०च्या? ब्रिटनमध्ये तो डिसेंबर १९७९मध्ये आला, अमेरिकेत जानेवारी १९८०मध्ये. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी मासिकाने १९८०च्या दशकातल्या सर्वोत्तम अल्बमांची यादी केली तेव्हा पहिला क्रमांक 'लंडन कॉलिंग'ला दिला. अमेरिकेतली तारीख धरली तर ते चोख आहे. पण तुमच्या प्रश्नातलं उत्तर "१९७९" असेल आणि कुणी या यादीचा हवाला दिला, तर काय सांगाल?

रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' १९९७च्या मे महिन्यात आधी जपानमध्ये आला आणि जूनमध्ये ब्रिटनमध्ये. इथे वर्ष तेच राहतं, म्हणून फक्त वर्ष विचारा.

गाण्यांची संख्या विचारणं तर त्याहून निसरडं. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'वर ब्रिटनमध्ये चौदा गाणी होती, अमेरिकेत निघालेल्या तबकडीवर अकरा. 'मॅजिकल मिस्टरी टूर' १९६७मध्ये ब्रिटनमध्ये दोन छोट्या तबकड्यांचा संच म्हणून आला, आणि अमेरिकेत पूर्ण अल्बम म्हणून, त्यात त्या वर्षीची सिंगल्सही, म्हणजे सुटी प्रकाशित झालेली गाणीही घालून. म्हणजे हा अल्बम आहे का, इथपासूनच प्रश्न.

निर्वाणा या अमेरिकी बँडच्या 'नेव्हरमाइंड'चंही असंच. 'एंडलेस, नेमलेस' हे शेवटचं लपवलेलं गाणं सुरुवातीच्या प्रतींवर चुकून राहूनच गेलं. नंतरच्या प्रतींवर बाराव्या गाण्यानंतर बराच वेळ शांतता आणि मग ते अचानक अंगावर येतं. यादीत त्याचं नाव नाही. बारा म्हणणाराही बरोबर, तेरा म्हणणाराही. आणि हा अल्बम निर्वाणाचा पहिला नव्हे हेही जाता जाता तपासून घ्या. पहिला 'ब्लीच', १९८९चा.

'नंबर वन' आणि 'यादीत' यात गल्लत

पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' अमेरिकेत चौदा वर्षं पहिल्या क्रमांकावर होता, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकून वाईट वाटतं. १९७३मध्ये तो पहिल्या क्रमांकावर होता फक्त एक आठवडा. ब्रिटनमध्ये तर तो तेव्हा दुसऱ्या क्रमांकाच्या वर गेलाच नाही. खरी अचाट गोष्ट वेगळीच आहे. १९७३ ते १९८८ या काळात तो बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-मासिकाच्या दोनशे अल्बमांच्या यादीत सातशेहून अधिक आठवडे होता. सलग नव्हे, अधूनमधून बाहेर पडत आणि परत येत. माणसं पंधरा वर्षं हा अल्बम विकत घेत राहिली, ही गोष्ट पहिल्या क्रमांकापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि चुकीच्या वाक्यात नेमकी तीच हरवते.

विक्रीच्या आकड्यांतही अशीच खाच आहे. पिंक फ्लॉइडच्याच 'द वॉल'ला अमेरिकेत २३ वेळा प्लॅटिनम मिळालं म्हणून दोन कोटी तीस लाख प्रती विकल्या गेल्या, असं लिहू नका. तो दोन तबकड्यांचा अल्बम आहे आणि तिथल्या मोजणीत एक संच दोनदा धरलाय. संच निघतात साधारण एक कोटी पंधरा लाख. शिवाय प्लॅटिनम म्हणजे अमेरिकेत दहा लाख, ब्रिटनमध्ये तीन लाख. त्यामुळे "किती वेळा प्लॅटिनम" हे देश न सांगता विचारूच नये.

आणि "सर्वाधिक खपलेला अल्बम" म्हटलं की सगळे मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर' म्हणतात. जगभराचा हिशेब असेल तर ठीक. अमेरिकेपुरता असेल, तर २०१८मध्ये ईगल्सचा १९७१ ते १९७५च्या गाण्यांचा संग्रह ३८ वेळा प्लॅटिनम ठरून 'थ्रिलर'च्या पुढे गेलाय.

ग्रॅमीचा 'रेकॉर्ड' म्हणजे आपली रेकॉर्ड नव्हे

ही चूक मराठी बोलणाऱ्यांच्या हातून हमखास होते, कारण रेकॉर्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अख्खी तबकडी येते. ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारांत 'अल्बम ऑफ द इयर' अल्बमला मिळतं. 'रेकॉर्ड ऑफ द इयर' मिळतं एकाच गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला, म्हणजे गायक, निर्माता आणि ध्वनितंत्रज्ञांना. 'साँग ऑफ द इयर' मिळतं ते गाणं रचणाऱ्याला. १९८४ घ्या, तिन्ही वेगळी दिसतात. अल्बम 'थ्रिलर', रेकॉर्ड 'बीट इट', आणि साँग 'एव्हरी ब्रेथ यू टेक', ज्याचा रचनाकार स्टिंग.

त्याच रात्री मायकेल जॅक्सनने आठ ग्रॅमी घेतल्या. "थ्रिलरसाठी जॅक्सनला आठ ग्रॅमी" हे वाक्य तिथूनच पसरलं. आठवी मात्र मुलांसाठीच्या ध्वनिमुद्रणाची होती, 'ई.टी.' या चित्रपटाची गोष्ट सांगणाऱ्या तबकडीसाठी. जॅक्सनला 'थ्रिलर'साठी मिळाल्या सात. प्रश्न "त्या रात्री जॅक्सनला किती" असा असेल तर आठ, "त्यातल्या थ्रिलरच्या कामासाठी किती" असा असेल तर सात.

वर्षाचंही बघा. अल्बम १९८२च्या नोव्हेंबरमधला, ग्रॅमी १९८४ची. "१९८२चा अल्बम ऑफ द इयर" असं लिहिलंत की प्रश्न फसला.

'थ्रिलर'वर आणखी दोन फसवे प्रश्न असतात. पहिलं सिंगल 'बिली जीन' नव्हे, पॉल मॅकार्टनीबरोबरचं 'द गर्ल इज माइन'. आणि शीर्षकगीत जॅक्सनने लिहिलेलं नाही, ते रॉड टेम्परटनचं. हे दुसरं मी आवर्जून विचारतो, कारण टेम्परटनचं नाव घेण्याची संधी फार कमी वेळा मिळते.

मुखपृष्ठ आठवणीवर सोडू नका

'डार्क साइड'च्या काळ्या मुखपृष्ठावर काचेच्या लोलकातून रंगांचा पट्टा बाहेर पडतो. किती रंग? शाळेत शिकलेलं इंद्रधनुष्य डोक्यात असतं, म्हणून तोंडातून सात येतं. मुखपृष्ठ समोर धरा आणि बोट ठेवून मोजा. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. सहा. पारवा तिथे नाहीच.

'लंडन कॉलिंग'वर वाकून गिटार आपटणारा माणूस म्हणजे बँडचा गायक जो स्ट्रमर नव्हे, तो पॉल सिमोनन आहे, आणि हातात बेस गिटार आहे. 'रूमर्स'वर फ्लीटवूड मॅकचे पाचही जण नाहीत, फक्त मिक फ्लीटवूड आणि स्टीव्ही निक्स. 'द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको'च्या मुखपृष्ठावर पिवळं केळं आहे आणि चित्रकार अँडी वॉरहॉलचं नाव आहे, बँडचं नाव नाही. 'ॲबी रोड'वर तर ना बँडचं नाव, ना अल्बमचं.

बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'वरची ती गजबजलेली मांडणी कुणाची असं विचारलं की उत्तरात फक्त पीटर ब्लेक लिहिलेलं असतं. जॅन हॅवर्थ त्या कामात बरोबरीने होत्या आणि मुखपृष्ठाची ग्रॅमी दोघांना मिळाली. एकच नाव छापलेली उत्तरपत्रिका मला खटकते.

जे गाणं अल्बमवर नाहीच

बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'वर 'गुड व्हायब्रेशन्स' आहे, असं छातीठोक सांगणारे भेटतात. अल्बम मे १९६६चा, ते सिंगल ऑक्टोबरचं. अल्बमवर ते आलं पुढच्या वर्षी, 'स्मायली स्माइल'मध्ये. तसंच 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' ही 'सार्जंट पेपर'च्या काळातली असली तरी त्यावर नाहीत. उलट बाजूने, लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' इतकं गाजलं, पण सत्तरच्या दशकात ना ब्रिटनमध्ये, ना अमेरिकेत ते सिंगल म्हणून विक्रीला आलं. "कितव्या क्रमांकापर्यंत गेलं" हा प्रश्नच उभा राहत नाही.

'सर्वोत्तम' म्हणणारा कोण?

"समीक्षकांच्या मते सर्वकालीन सर्वोत्तम अल्बम" असा प्रश्न काढूच नका. 'रोलिंग स्टोन'च्या पाचशे अल्बमांच्या यादीत २००३ आणि २०१२मध्ये पहिला होता 'सार्जंट पेपर'. २०२०मध्ये मतदान नव्याने झालं, मार्विन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' पहिला आला आणि 'सार्जंट पेपर' चोविसावा. यादीचं नाव आणि वर्ष दोन्ही लिहा. मजेचा प्रश्न त्यातूनच निघतो. तिन्ही वेळा दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं? 'पेट साउंड्स'.

सांगोवांगीच्या गोष्टी

व्हेल्व्हेट अंडरग्राउंडच्या त्या केळ्याच्या अल्बमच्या मोजक्याच प्रती खपल्या, पण घेणाऱ्या प्रत्येकाने बँड काढला, हे संगीतकार ब्रायन ईनोचं म्हणणं सगळ्यांना ठाऊक असतं. आकडा मात्र प्रत्येकाचा वेगळा. कुणी हजार म्हणतं, कुणी दहा हजार. १९८२च्या मुलाखतीत ईनो त्या बँडच्या लू रीडच्या सांगण्यावरून बोलला होता, आणि आकडा होता पहिल्या पाच वर्षांत तीस हजार. ते कौतुकाने काढलेले उद्गार आहेत, विक्रीचा हिशेब नव्हे. म्हणून प्रश्न "हे कुणी म्हटलं" असा ठेवा, "किती प्रती खपल्या" असा नको.

उलट काही गोष्टी ऐकायला बनावट वाटतात आणि खऱ्या असतात. 'ॲबी रोड'चं शेवटचं गाणं कोणतं? 'द एंड', असं नावच सांगतं. पण ते संपल्यावर उठू नका. काही सेकंद शांतता जाते, मग धाडकन एक सूर आदळतो आणि पॉल मॅकार्टनी एकट्या गिटारवर 'हर मॅजेस्टी' म्हणतो. तेवीस सेकंद. शेवटचा सूर लागायच्या आतच गाणं तुटतं. हे मूळात दुसऱ्या बाजूच्या सलग गाणमालिकेत, 'मीन मिस्टर मस्टर्ड' आणि 'पॉलिथीन पॅम'च्या मध्ये होतं. मॅकार्टनीला ते तिथे पटलं नाही, त्याने काढून टाकायला सांगितलं. पण स्टुडिओत काहीही फेकायचं नाही असा दंडक होता, म्हणून जॉन कर्लँडर या साहाय्यक तंत्रज्ञाने तो तुकडा टेपच्या शेवटी जोडून ठेवला. सुरुवातीचा तो दणका 'मस्टर्ड'चा शेवटचा सूर आहे, आणि 'हर मॅजेस्टी'चा स्वतःचा शेवटचा सूर कापताना मागे राहिला. सुरुवातीच्या प्रतींवर त्याचं नावही छापलेलं नव्हतं. हा प्रश्न काढायचा तर उत्तर तपासायला वेबसाइट पुरत नाही, तबकडी शेवटपर्यंत ऐकावी लागते.

प्रश्न विचारून झाला आणि वाद उभा राहिला तर

आधी आपला प्रश्न पुन्हा मोठ्याने वाचा, उत्तर नव्हे. प्रश्नाच्या शब्दांत दोन्ही उत्तरं बसत असतील तर दोघांना गुण द्या. बसत नसतील आणि तरी समोरचा ठाम असेल, तर तो कुठल्या प्रतीबद्दल बोलतोय ते विचारा. कितीदा त्याच्याकडची प्रत आणि तुमच्याकडची प्रत खरोखरच वेगळी असते.

'डार्क साइड'वरच्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'वरून हे मी शिकलो. त्यात शब्द नाहीत, फक्त क्लेअर टॉरी यांचा आवाज आहे, रडण्याच्या आणि ओरडण्याच्या काठावरून फिरणारा. त्या एका बैठकीचे त्यांना तीस पौंड मिळाले होते. रचनाकार म्हणून नाव छापलं गेलं ते पिंक फ्लॉइडच्या एकट्या रिचर्ड राइटचं. २००४मध्ये टॉरी कोर्टात गेल्या, २००५मध्ये तडजोड झाली, आणि त्यानंतरच्या प्रतींवर राइटबरोबर टॉरींचंही नाव आलं. "या गाण्याचा रचनाकार कोण" असं विचारलं आणि एखाद्याने जुनी तबकडी पुढे करून फक्त राइट म्हटलं, तर तो छापलेलंच वाचतोय. मी त्याला गुण देतो. मग गाणं लावतो, आणि दुसरं नाव कुणाचं ते सगळ्यांना सांगतो.