एसयूव्ही विकून ऑफ-रोडर घ्यायचीय? आधी जुनी रॅम्पवर चढवा

किनाऱ्यालगत वापरलेल्या गाडीचा निकाल बॉनेटखाली नव्हे, पोटाखाली लागतो. चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा), मागच्या सस्पेन्शनचे जोड आणि ब्रेकच्या धातूच्या नळ्या पाहा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज आला तर गंज वरवरचा; बद्द आवाज आला, पापुद्रे सुटले, तर खाऱ्या हवेने पत्रा खाल्लाय. त्यावर गंजरोधक कोट मारणं म्हणजे निव्वळ रंगरंगोटी, गाडी विकाच.

एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर रात्री सपाट जागी लावून चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही कोपरे मोजा, सकाळी पुन्हा मोजा. एकच कोपरा दोन बोटं बसला तर तिथे गळती. लांबवलंत तर सतत चालून हवा भरणारा कॉम्प्रेसरही जातो. चॅसी धड असेल तर एवढ्यासाठी गाडी विकू नका.

नवी घेताना पाणंदीतली गडग्यांमधली सगळ्यात अरुंद जागा मोजा. टोयोटाची फॉर्च्युनर 1855 मिमी रुंद, मारुतीची छोटी ऑफ-रोडर जिम्नी 1645, आरसे सोडून. हा वीतभर फरक तिथे फोर बाय फोरपेक्षा जास्त कामाचा. आणि कोट मारून घेताना चॅसीची निचऱ्याची भोकं बुजू देऊ नका, पाणी आत साचून नवी गाडीही आतूनच सडते.